शिकू या : स्वमग्न मूल विशेष वर्गात कसं रुळतं?



अभ्यासाच्या या पानावर मी एरवी कर्जाचा हप्ता, नोंदवह्या, परसबाग असं काहीबाही लिहिते. या वेळचा विषय एका दंडामुळे सुचला.

पावसाळा संपता संपता टिटवाळ्याच्या पुढच्या एका गावात गटाच्या वह्या तपासत होते. हजेरीच्या पानावर एका ताईंच्या नावापुढे सलग सहा बैठका गैरहजर, आणि प्रत्येक वेळी १० रुपये दंड. अध्यक्षताई म्हणाल्या, "तिला आता गटात रस राहिला नाही. नाव कमी करू या का?" मी म्हटलं, आधी घरी जाऊन येते.

गेले तर दार आतून बंद. ताई खिडकीतून हळूच म्हणाल्या, "मागच्या दाराने या, कडी वाजवू नका." त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ते. कडीच्या आवाजाने तो दचकतो आणि मग तासभर शांत होत नाही. जूनमध्ये त्याला कल्याणच्या एका विशेष शाळेत घातलं होतं. तीन आठवडे गेला. तिथे ओरडायचा, टेबलावर डोकं आपटायचा. चौथ्या आठवड्यात "थोडे दिवस घरीच ठेवा" असं सांगण्यात आलं. त्या थोड्या दिवसांचे अडीच महिने झाले होते. मुलाला सोडून ताईंना बैठकीला येता येईना, आणि घेऊन यावं तर आपली बैठक सुरू होते टाळ्यांच्या गाण्याने. एकदा आणलं होतं म्हणे. तो कान दाबून जो पळाला तो थेट रस्त्यावर.

गावाचं आणि ताईंचं नाव मी मुद्दाम देत नाही. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, ओळख सांगायला नाही.

आधी ऑटिझमबद्दल थोडं. हा रोग नाही, लागण होत नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. त्यामुळे बोलणं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, आवाज-उजेड-स्पर्श सोसणं, ठरलेल्या क्रमात बदल झाला तर सावरणं या गोष्टी जड जातात. कुणाला थोड्या, कुणाला फार. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचा अभ्यास करून याचं सविस्तर वर्णन लिहिलं. पुढे बरीच वर्षं तिकडच्या काही तज्ज्ञांनी आयांना दोष दिला, की आई थंड स्वभावाची, जीव लावत नाही, म्हणून मूल असं झालं. हे मत संशोधनाने केव्हाच मोडीत काढलं. आपल्याकडे मात्र ते वेगळ्या शब्दांत अजून जिवंत आहे. गरोदरपणी ग्रहण पाहिलं, डोहाळे पुरवले नाहीत, मोबाईल हातात दिला. जास्त मोबाईलने लहान मुलाचं बोलणं मागे पडू शकतं, ते खरं. पण मोबाईलने किंवा ग्रहणाने ऑटिझम होत नाही. या ताईंना त्यांच्या सासूबाईंनी नऊ वर्षं हेच ऐकवलं होतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या गटातल्या दोघींनीसुद्धा.

आता विशेष वर्गाकडे येऊ. आपल्या भागात तो दोन तऱ्हेचा असतो. एक म्हणजे शहरातली विशेष शाळा. ठाण्यात महापालिकेची 'जिद्द' आहे, डोंबिवलीत 'क्षितिज' आहे, आणखीही आहेत. दुसरी तऱ्हा म्हणजे आपलीच जिल्हा परिषदेची शाळा, जिथे समग्र शिक्षा योजनेतून तालुक्याच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक येतात. मुरबाड-शहापूरकडच्या सख्यांना ही दुसरी वाटच जवळची. मुरबाडला तर रेल्वेही नाही, एसटीने रोज लहान मुलाला कल्याणला नेणं-आणणं कोणाला झेपणार? पण एका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात, ते रोज येत नाहीत, हे धरून चालावं लागतं.

एक गोष्ट मला स्वतःला नोकरी लागल्यावरच कळली. विशेष शाळा म्हटलं की आपण निर्धास्त होतो, की आता तिथल्या बाई बघतील. पण बऱ्याच विशेष शाळा मुळात बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी सुरू झाल्या. त्या मुलांना समूहात गाणं, टाळ्या, नाच, पाठीवर थाप, "शाब्बास!" असा मोठ्याने गजर हे सगळं आवडतं, त्यातून ती शिकतात. त्याच वर्गात स्वमग्न मूल बसलं, तर नेमकं हेच त्याला सोसत नाही. बाई वाईट नसतात, मूलही हट्टी नसतं. वर्ग एका गरजेसाठी मांडलेला असतो आणि मूल दुसऱ्या गरजेचं असतं. काही मुलांना दोन्ही अडचणी एकत्र असतात, म्हणून कोडं आणखी अवघड होतं.

आतून काय वाटतं हे न बोलणारं मूल सांगू शकत नाही. पण मोठे झालेले काही स्वमग्न लोक सांगतात. अमेरिकेत टेम्पल ग्रँडिन नावाच्या प्राध्यापक आहेत, १९४७ चा जन्म, स्वतः स्वमग्न. त्यांनी लिहिलंय की लहानपणी शाळेची घंटा त्यांना दाताच्या डॉक्टरचं यंत्र नसेवर फिरावं तशी टोचायची. या बाई शिकवतात काय, तर पशुविज्ञान! गुरं कशाला बुजतात याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. गाय नव्या फाटकापाशी अडली की आपण तिला हट्टी म्हणत नाही. आधी बघतो, समोर काही लोंबकळतंय का, सावली हलतेय का. मी मुलाची तुलना जनावराशी करत नाहीये, गैरसमज नको. पण कारण शोधण्याची जी सवय आपल्याला गोठ्यात आहे, ती वर्गात का नसावी?

म्हणून आम्ही कारण शोधायला बसलो. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलो, त्यांनी चार दिवस ताईंना वर्गाच्या मागे बसायला परवानगी दिली. मी एका दोनशे पानी वहीत आपल्या जमाखर्चासारखे रकाने आखून दिले: किती वाजता, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. ताई सातवी शिकलेल्या, पण बचतीच्या नोंदी त्यांच्याच हाताने व्हायच्या, त्यामुळे रकाने भरणं त्यांना सोपं गेलं. चार दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या सात घंटेच्या आसपासच्या. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला लोखंडी तुकडा, याच्या बाकापासून पाच पावलांवर. दोन नोंदी मणी ओवण्याच्या वेळच्या. तो ओवत असताना तास संपायचा आणि अर्धी माळ उचलून नेली जायची. एक गणवेशाच्या नव्या कडक कॉलरची. उरलेल्या एकीचं कारण अजूनही सापडलेलं नाही.

बघा, तीन आठवडे "ओरडतो" एवढंच सगळ्यांना दिसत होतं.

मग बदल केले. बाक घंटेपासून लांब, भिंतीला पाठ लागेल असा. प्रार्थना संपल्यावर दहा मिनिटांनी वर्गात प्रवेश. कानावर कामगार लावतात तसे आवाज अडवणारे हेडफोन, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. कॉलरचा गणवेश दहा वेळा धुऊन मऊ केला, आतलं टोचणारं लेबल उसवलं. आणि सुरुवातीला रोज फक्त एक तास शाळा. हे शेवटचं पटवणं सगळ्यांत कठीण गेलं. ताईंच्या घरच्यांना वाटलं, एका तासासाठी लोकलचं भाडं कशाला? पण दिवसभर रडून घरी येण्यापेक्षा एक तास शांत बसून येणं हाच पाया आहे. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास वाढवायचा.

सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो चित्रांच्या पट्टीचा. ही तुम्हीही घरी करू शकता. आपल्याला दिवसभरात काय काय होणार हे माहीत असतं, म्हणून आपण निवांत असतो. या मुलाला "आता डबा, मग चित्र काढू, मग घरी" असं भराभर बोललेलं डोक्यात टिकत नाही. पण डोळ्यांनी पाहिलेलं टिकतं. पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्यायची. त्यावर एकाखाली एक चित्रं लावायची: चप्पल काढ, बस, मणी, डबा, शू, चित्र, घर. चित्र हाताने काढा नाहीतर मोबाईलवर खऱ्या वस्तूचा फोटो काढून छापून आणा. लहान मुलाला खऱ्या वस्तूचा फोटो जास्त कळतो. एक काम झालं की ते चित्र काढून खाली लावलेल्या 'झालं' नावाच्या पाकिटात टाकायचं, तेही मुलानेच. अर्धी माळ उचलून नेण्याचा प्रश्न असाच सुटला. आता तास संपला की माळ त्याच्या नावाच्या डब्यात ठेवतात आणि उद्याच्या पट्टीवर पुन्हा मण्यांचं चित्र लागतं. माळ हरवली नाही, उद्या आहे, हे त्याला दिसतं.

पट्टीच्या बाजूला दोन सुटी कार्डं: 'नको' आणि 'बाहेर'. न बोलणाऱ्या मुलाकडे नको म्हणायचा दुसरा मार्ग नसेल, तर तो चावून किंवा डोकं आपटूनच नको म्हणणार. पहिले काही दिवस त्याने 'बाहेर' कार्ड दिवसातून दहा वेळा दाखवलं आणि बाईंनी दहाही वेळा त्याला व्हरांड्यात दोन मिनिटं नेलं. हे त्या बाईंचं मोठेपण. कारण एकदा कार्ड दाखवून ऐकलं गेलं नाही, तर मूल पुन्हा डोकं आपटण्याकडे वळतं. पुढे आपोआप दिवसाला दोन-तीन वेळांवर आलं. स्मार्टफोन असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं मोफत ॲपही आहे. चित्र दाबलं की शब्द बोलला जातो, मराठीतही. कार्डांनी किंवा ॲपने मूल बोलणं विसरेल अशी भीती बाळगू नका, तसं होत नाही.

इथे माझी एक चूक सांगते. कॉलेजातून नवीनच बाहेर पडले होते, आणि कुठेतरी वाचलेलं की नजरेला नजर देणं महत्त्वाचं. मी एका मुलाची हनुवटी धरून "माझ्याकडे बघ, मग खाऊ" असं करत होते. तिसऱ्या वेळी तो माझ्या हाताला कडकडून चावला. मला वाटलं, मुलगा हिंसक आहे. पुष्कळ स्वमग्न लोकांना डोळ्यांत बघणं आणि ऐकणं एकाच वेळी जमत नाही. न बघता ते जास्त चांगलं ऐकतात. म्हणजे मी त्याला ऐकू न येण्याची सक्ती करत होते. तेच हात झटकण्याचं, डुलण्याचं. त्याने त्यांचं मन थाऱ्यावर राहतं. कोणाला लागत नसेल तर ते थांबवू नका, वर्गातही थांबवू नका असं बाईंना सांगा.

आणि मारू तर नकाच. शिक्षण हक्क कायद्यानेच शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी आहे, विशेष मूल म्हणून त्यात सूट नाही. हट्ट आणि ताण यातला फरक ओळखायची एक साधी खूण आहे. हट्ट करणारं मूल मधूनमधून आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. ताण आलेलं मूल हवी ती वस्तू दिली तरी थांबू शकत नाही. तेव्हा बोलणं कमी, उजेड-आवाज कमी, बघे लांब.

आयांची एक तक्रार मी फार ऐकते: "शाळेत शहाण्यासारखा असतो म्हणे, घरी आला की आदळआपट. म्हणजे मीच लाडावलाय." तसं नाही ताई. तो शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरतो आणि घरी, जिथे भीती नाही तिथे, सुटतो. घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास काही विचारू नका. अंधारी खोली, पाणी, आवडती गोधडी. "आज काय शिकलास" नंतर. हळदीचा डीजे शेजारी वाजत असेल, आणि आपल्याकडे तो वाजतोच, तर त्या दिवशी मुलाला मामाकडे पाठवलेलं बरं. दुसऱ्या दिवशीची शाळा त्यावरच ठरते.

आता उलटी बाजू. काही स्वमग्न मुलांना विशेष वर्ग फार सोपा पडतो. अंबरनाथच्या एका बारा वर्षांच्या मुलीला मी भेटले. बोलते मोजके शब्द, पण स्टेशनांची नावं कर्जतपासून सीएसएमटीपर्यंत न चुकता लिहिते. तिला वर्गात अजून लाल मणी लाल डब्यात, निळे निळ्यात. ती डबे फेकायची. फेकणार नाही तर काय? तुमचं मूल वर्गात चिडत असेल तर "त्याला जमत नाही का?" याबरोबर "त्याला कंटाळा येतोय का?" हेही विचारा. प्रत्येक विशेष मुलासाठी शिक्षकांनी वेगळा आराखडा करायचा असतो, त्याला वैयक्तिक शिक्षण आराखडा म्हणतात. तो मागा, वाचून दाखवायला सांगा. पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय येईल, ते लिहिलेलं असावं. 'प्रगती होईल' असं नाही, 'स्वतः बटण लावेल', 'पाचशेच्या नोटेचे सुटे मोजेल' असं. घरी काय येतं ते तुम्ही सांगा, कारण बाईंना ते माहीत नसतं. त्या मुलीचं स्टेशनांचं ज्ञान शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात वेगळा मोजला आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखल्यासाठी यूडीआयडीच्या पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ऑटिझमसाठी ४० प्रश्नांची भारतीय तपासणी सूची वापरतात, त्यात मूल घरी कसं वागतं ते आईलाच विचारतात. म्हणून जाताना नोंदींची वही न्या, तिथे घाबरून निम्मं विसरायला होतं. दाखला दहावीपर्यंत जपून ठेवा. बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. नेहमीची दहावी झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने खारघरला गेलं तर तिथे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे, मार्गदर्शनासाठी. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही धरतात.

आणि पैशांचा विषय निघालाच आहे तर, गटाकडे कर्जाचा अर्ज येतो तेव्हा एक जपा. "इंजेक्शनने ऑटिझम पूर्ण बरा" असं सांगणारे भेटतात. स्टेम सेल नावाच्या त्या उपचाराचा खर्च लाखात जातो. ऑटिझमसाठी तो उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. या ताईंनी त्यासाठी मंगळसूत्र गहाण ठेवायचं ठरवलं होतं, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. तेवढ्यात भावाने अडवलं. गटात अशी मागणी आली तर नाही म्हणताना त्या आईशी भांडू नका. तिला वाचाउपचार, ऑक्युपेशनल थेरपी, येण्या-जाण्याचं भाडं यांसाठी कर्ज द्या.

मोबाईलवर तुम्ही जिया रायची बातमी पाहिली असेल, नौदलातल्या वडिलांची स्वमग्न मुलगी. २०२१ मध्ये ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर पोहली. कौतुकच आहे. पण ती बातमी दाखवून एखाद्या आईला "बघ, तुझाही करेल काहीतरी" म्हणू नका. आपल्या मुलाने आज शाळेत शू सांगितली, हा त्या घरात सण असतो.

आता गटाचं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या बैठकीत मी वरची वही सगळ्यांपुढे वाचली. वाद झाला. एकीचं म्हणणं, नियम तो नियम, उद्या प्रत्येक जण कारण सांगेल. तिचंही चूक नव्हतं, दंड माफ करत गेलं की गट मोडतात हे आपण पाहिलेलं आहे. शेवटी ठराव लिहिला गेला: दंड माफ नाही, पण ज्या सभासदाच्या घरी सतत सोबत लागणारी व्यक्ती आहे तिची बचत दुसरीच्या हाती आली तरी तिची हजेरी धरायची, आणि महिन्यातून एक बैठक तिच्या अंगणात. त्या बैठकीला गाणं आहे, टाळ्या नाहीत. दोन शेजारणी आळीपाळीने मुलाजवळ बसतात. त्याला पट्टी कशी दाखवायची ते ताईंनी त्यांना शिकवलं आहे. मुलगा सध्या रोज अडीच तास शाळेत असतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर चार दिवस पुन्हा बिघडलं होतं, मग पुन्हा एका तासापासून सुरुवात केली.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. येत्या ग्रामसभेत विचारा की या वर्षी तो कशावर गेला. आणि महासंघाच्या पुढच्या बैठकीला येताना तुमच्या गावात शाळेत न जाणारी किंवा शाळा सुटलेली अशी मुलं किती आणि कोणत्या वयाची, एवढंच लिहून आणा. नावं नकोत. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना त्या दिवशी बोलावणार आहोत. चित्रांची पट्टी बनवायला जुने पुठ्ठे, कॅलेंडर आणि कात्री सोबत असू द्या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक